डहाळीवर सापडलेली अनोळखी अळी ओळखायची कशी?

मृगाच्या सरी पडून झाडांना नवी पालवी फुटली की माझ्या फोनवर अळ्यांचे फोटो यायला लागतात. कुंडीतल्या लिंबावर काहीतरी आहे, शेवग्याच्या फांदीवर केसाळ थवा बसलाय, जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरं काहीतरी हलतंय. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: काय फवारू? त्याआधीचा प्रश्न, म्हणजे हे आहे काय, तो राहूनच जातो. आणि मग लोक लिंबाच्या फुलपाखराच्या अळीवर मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) मारायचं औषध मारतात, किंवा पिठ्या ढेकूण खाणाऱ्या किड्यालाच पिठ्या ढेकूण समजून मारून टाकतात.

बरीच वर्षं अळ्या बघण्यात, त्यांचे फोटो काढण्यात आणि काही पाळून मोठ्या करण्यात गेली. त्यातून हाताशी आलेला क्रम इथे देतो आहे. कीटकशास्त्राची पदवी लागत नाही. थोडा धीर आणि एक भिंग लागतं. नेमकं शास्त्रीय नाव दर वेळी मिळणार नाही, हे आधीच मान्य करा. पण अळी कुठल्या गटातली आहे, ती काय खाते, तिच्यापासून आपल्याला किंवा झाडाला धोका आहे का, एवढं जवळजवळ नेहमी ठरवता येतं.

हाताशी काय ठेवाल

- दहापट मोठं दाखवणारं भिंग, किंवा फोनला लावायची मॅक्रो लेन्स
- छोटी पट्टी (ती नसेल तर रुपयाचं नाणं)
- मऊ केसांचा रंगाचा ब्रश
- पारदर्शक डबा, झाकणाऐवजी बांधायला मलमलचा तुकडा आणि रबरबँड
- पांढरा जाड कागद
- चिकटपट्टी
- वही. फोनमध्ये नोंद केली तरी चालेल, पण तारीख आणि झाडाचं नाव त्यात हवंच.

१. डहाळी तोडू नका, आधी झाड ओळखा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच गाळली जाते. बहुतेक अळ्या वाटेल ते पान खात नाहीत. फुलपाखराची मादी ठरावीक झाडं शोधून त्यांच्यावरच अंडी घालते आणि अळीचा जन्म त्या पानावरच जातो. झाडाचं नाव कळलं की शक्यतांची यादी शेकड्यांवरून पाच-सातवर येते. तोडून आणलेल्या डहाळीचा फोटो आला की मी पहिल्यांदा झाडाचा फोटो मागतो तो यासाठीच.

आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या काही जोड्या लक्षात ठेवा.

लिंबू, कढीपत्ता, बेल: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या अळ्या. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. शेवटची कात टाकली की त्या हिरव्यागार होतात. ब्रशने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून केशरी किंवा लाल दुशिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. हा अवयव दिसला की अळी याच कुळातली, शंका नको. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्याच जातकुळीतल्या झाडांवर वाढतात.

कण्हेर आणि तगर: बोटाएवढी जाड हिरवी अळी, शेपटीकडे एक शिंग आणि पुढच्या भागावर निळ्या-पांढऱ्या दोन डोळ्यांचा भास. ही ओलिएंडर हॉकमॉथ. कण्हेरीवरच आडव्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या लांब शेंड्यांच्या चार जोड्या मिरवणारी अळी असेल तर ती कॉमन क्रो. रुईवर अशीच पट्टेरी अळी दिसते, पण शेंड्यांच्या जोड्या तीनच असतात, ती प्लेन टायगर.

आंबा: पानाच्या मधल्या शिरेवर नीट रेषेत झोपलेली हिरवी अळी, दोन्ही बाजूंना पिसांसारखे लांब काटे आणि पाठीवर फिकट रेघ. ती रेघ पानाच्या शिरेशी इतकी जुळते की पान हातात असूनही अळी दिसत नाही. ही कॉमन बॅरन. कोवळा शेंडाच मान टाकून सुकला असेल तर वर शोधू नका, शेंडा चिरून बघा. आत शेंडा पोखरणारी अळी सापडेल.

बहाव्याच्या कोवळ्या पालवीवर हिरव्या सडपातळ अळ्यांची झुंबड असेल तर त्या बहुधा एमिग्रंट फुलपाखरांच्या. सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेल्या उंच सरळसोट अशोकावर (तो खरा अशोक नव्हे, पण नर्सरीवाले त्यालाच अशोक म्हणतात) आणि सीताफळावर टेल्ड जे. सागाची पानं नुसत्या जाळीसारखी उरली असतील तर सागावरच्या पतंगाच्या अळ्यांचं ते काम, आणि विदर्भात ऐन-अर्जुनाच्या डहाळीला देठाने लटकलेला कडक, अंड्यासारखा कोष दिसला तर तो टसर रेशमाचा.

ही यादी पाठ करायची गरज नाही. फक्त सवय लावून घ्या: अळीकडे बघण्याआधी पान, खोड, फूल, चीक निघतो का, हे बघायचं. एक सावधगिरी मात्र हवी. अळी ज्या डहाळीवर सापडली तेच तिचं खाद्य असेल असं नाही. कोषात जायची वेळ आली की पुष्कळ अळ्या झाड सोडून भटकतात, वाऱ्याने वरच्या झाडावरून खालच्या झुडपावर पडतात. शेजारचं पान कुरतडलेलं आहे का आणि अळी ते पान तुमच्या डोळ्यांदेखत खाते का, हे बघितल्याशिवाय जोडी जुळवू नका.

२. हात लावण्याआधी अंगाकडे बघा

केस किंवा काटे असलेल्या कुठल्याही अळीला उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना आधी हे सांगा, मग कौतुकाने दाखवा.

२०२२ च्या पावसाळ्यात राज्यात ‘घोणस अळी’ची मोठी धास्ती पसरली होती. उसाच्या शेतात, बांधावरच्या गवतात शेतकऱ्यांना तिचा दंश झाला आणि ती चावल्यावर माणूस दगावतो अशा अफवा फोनोफोनी फिरल्या. प्रत्यक्षात ती लिमॅकोडिडी कुळातल्या पतंगाची अळी. ती चावत नाही. तिच्या अंगावरचे काटे टोचतात आणि त्यांतल्या द्रवामुळे तीव्र आग होते. याच कुळातल्या हिरव्या, चपट्या, गोगलगायीसारख्या सरकणाऱ्या अळ्या आंब्यावर आणि नारळावरही असतात. त्यांचे पाय वरून दिसतच नाहीत, आणि नवख्या माणसाला त्या फारच सुंदर वाटतात, म्हणून जास्त जपायचं.

शेवग्यावरच्या केसाळ अळ्यांची गोष्ट वेगळी. त्या दिवसा बुंध्यावर दाटीने एकत्र बसतात आणि रात्री वर चढून पाला खातात. त्यांचे केस झडून वाळत घातलेल्या कपड्यांत जरी अडकले तरी अंगाला खाज सुटते.

अशा अळीचा स्पर्श झालाच तर चोळू नका. त्या जागी चिकटपट्टी हलक्या हाताने लावून उचला, म्हणजे रुतलेले केस निघून येतात. मग साबणाने धुवा, बर्फ लावा. केस डोळ्यात गेले, श्वास लागला, चेहरा सुजला किंवा आग उतरेना, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जा. शक्य असेल तर अळीचा फोटो सोबत न्या.

उलट बाजूही सांगायला हवी. काटे दिसले की विष, असं समीकरण नसतं. आंब्यावरची बॅरन काटेरी असूनही निरुपद्रवी आहे. पण ओळख पटेपर्यंत ब्रश आणि कागद वापरायला काय हरकत आहे?

३. फोटो: वरून एक पुरत नाही

बहुतेकांचा फोटो वरून काढलेला असतो आणि ओळखीला लागणारं सगळं बाजूला आणि खाली असतं. किमान इतके फोटो हवेत:

- अळीची पूर्ण बाजू, पाय दिसतील असा (हा नसेल तर बाकीचे असून फारसा उपयोग नाही)
- वरून, डोक्यापासून शेपटापर्यंत
- डोकं समोरून
- शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून
- कुरतडलेलं पान आणि त्याच डहाळीची पानं-फुलं
- लांबून पूर्ण झाड

फ्लॅश टाळा. त्याने रंग पांढरे पडतात आणि चकचकीत अळ्यांच्या अंगावरच्या खुणा पुसल्या जातात. सकाळच्या उजेडात अळीमागे पांढरा कागद धरलात तर कडा स्वच्छ येतात. फोन अगदी जवळ नेऊन धूसर फोटो काढण्यापेक्षा थोडं लांबून स्वच्छ काढा आणि नंतर कापून घ्या. लांबीचा अंदाज डोळ्याने लिहू नका. भीतीपोटी आपल्याला प्रत्येक अळी आहे त्यापेक्षा मोठी दिसते, म्हणून पट्टी.

४. पाय मोजा

रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. रंग वयाप्रमाणे बदलतो. लिंबाच्या अळीचं वर आलंच आहे, आणि ओलिएंडर हॉकमॉथची हिरवी अळी कोषात जायच्या आधी काळपट तपकिरी पडते. मग एकाच जातीच्या दोन अळ्या दोन वेगळे प्राणी वाटतात. पाय मात्र सहसा दगा देत नाहीत.

अळीच्या पुढच्या तीन वलयांवर सांधे असलेले, टोकदार असे खरे पाय असतात, तीन जोड्या. त्यांच्या मागे पोटावर जे जाड, मांसल, बिनसांध्याचे पाय दिसतात ते आधारपाय. भिंग घेऊन हे दोन प्रकार वेगळे मोजा.

पुढे तीन जोड्या आणि मागे आधारपायांच्या पाच जोड्या (पोटावर चार आणि अगदी शेवटी एक) असतील तर ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी. पाचपेक्षा जास्त जोड्या या गटात नसतात. कमी असू शकतात. आधारपाय फक्त मागच्या टोकाकडे दोनच जोड्या असतील आणि अळी कमान करून चालत असेल तर ती उंटअळी. विश्रांतीच्या वेळी ती मागच्या पायांनी डहाळी पकडून ताठ उभी राहते आणि वाळकी काडी वाटते. सोयाबीन किंवा एरंडीवरच्या उंटअळ्या शेतकऱ्यांना माहीत असतात. त्यांच्या आधारपायांच्या तीन-चार जोड्या असतात, म्हणून त्यांची कमानही अर्धवटच पडते.

सहा किंवा त्याहून जास्त जोड्या मोजल्यात तर थांबा. ही फुलपाखराची अळी नव्हे. ही सॉफ्लाय, म्हणजे करवतमाशीची अळी. माशी नाव असलं तरी ती गांधीलमाशी आणि मधमाशीच्या गणातली. मोहरी-मुळ्याच्या पाल्यावरची काळपट अळी याचं नेहमीचं उदाहरण, तिच्या आठ जोड्या असतात. मोजणी नीट होत नसेल तर दोन खुणा आणखी बघा. फुलपाखराच्या अळीत खऱ्या पायांनंतर दोन वलयं बिनपायांची जातात आणि मग आधारपाय सुरू होतात, करवतमाशीच्या अळीत एकच वलय मोकळं असतं. आणि फुलपाखराच्या अळीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांसारख्या सहा-सहा डोळ्यांचा झुबका असतो, तर करवतमाशीच्या अळीला दोन्हीकडे एकेकच ठळक काळा डोळा.

हा फरक किचकट वाटेल, पण याने खिशातला पैसा वाचतो. अळ्यांसाठी दुकानात मिळणारं बीटी हे जैविक औषध फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांवर चालतं, करवतमाशीच्या अळीवर नाही. पाय न मोजता आणलेलं औषध वाया जातं आणि मग ‘जैविक औषधं बोगस असतात’ असं लोक म्हणत राहतात.

फक्त पुढचे तीन जोड पाय, मागे आधारपाय नाहीत, डोकं स्पष्ट: भुंगेऱ्याची किंवा क्रायसोपाची (जाळीदार पंखांचा कीटक, इंग्रजीत लेसविंग) अळी. पाय लांब आणि चाल चपळ असेल तर ती बहुधा शिकारी.

पायच नाहीत: डोकंही दिसत नसेल तर माशीची अळी. डहाळीच्या आत पोखरलेल्या नळीत पांढरी, बिनपायांची, पण तपकिरी डोक्याची अळी निघाली तर खोडात राहणाऱ्या भुंगेऱ्याची. पेरूच्या किंवा बोराच्या फांद्यांच्या बेचक्यात भुसा आणि विष्ठेची रेशमाने विणलेली पट्टी सालीवर दिसली, तर आत साल खाणारी अळी असते आणि तिला पाय असतात, कारण ती पतंगाची.

५. ती अळीच आहे ना, आणि ती खाते कोणाला?

ही पायरी मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो, कारण इथे चूक झाली की झाडाचे राखणदार मरतात.

डहाळीवर जे मऊ आणि हलणारं दिसतं ते सगळं अळी नसतं. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांची पिल्लं अळीच्या रूपातून जातच नाहीत. ती जन्मापासून आईबापांसारखीच, फक्त छोटी आणि बिनपंखी असतात. बाभळीच्या डहाळीवर मुंग्यांच्या घोळक्यात बसलेले शिंगांचे छोटे किडे, किंवा मागे पांढरी मेणाची शेपटी असलेले आणि ब्रश लावताच टुणकन उडणारे किडे, हे सगळे रस शोषणारे. अळी उडी मारून पसार होत नाही, ही एक सोपी परीक्षा.

आता मित्रांकडे वळू. मावा किंवा पिठ्या ढेकणांची वस्ती असलेल्या डहाळीवर पुढचे चार पाहुणे शोधाच.

ढालकिड्याची अळी, म्हणजे लेडीबर्डची. काळपट राखाडी, लांबोडकी, अंगावर केशरी किंवा पिवळे ठिपके, सहा लांब पाय. तिचं रूप गोल ठिपकेदार भुंगेऱ्याशी अजिबात जुळत नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त मारली जाते हीच. मावा फस्त करण्यात ती मोठ्या भुंगेऱ्याच्या बरोबरीची आहे. अपवाद एकच लक्षात ठेवा: वांगं आणि कारल्याच्या पानांवरची पिवळी, फाटे फुटलेल्या काट्यांची अळी याच कुळातली असली तरी पानं खाते.

क्रिप्टोलीमस. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा, १८९८ साली भारतात आणला गेला तो पिकांवरच्या किडींचा बंदोबस्त करायलाच. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी इतकी माखलेली असते की ती मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. जास्वंदीवर, सीताफळावर, द्राक्षाच्या वेलीवर हा गोंधळ हमखास होतो. फरक असा: पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा, एका जागी चिकटलेला, डिवचलं तरी सुस्त. क्रिप्टोलीमसची अळी एक सेंटिमीटरपेक्षाही मोठी होते, तिचे मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले असतात, आणि ती ढेकणांमधून हिंडत असते. दहा मिनिटं शांत बसून बघा. हिंडणारा आणि इतरांपेक्षा मोठा असा पांढरा प्राणी दिसला तर ती डहाळी तशीच राहू द्या.

सिरफिड माशीची अळी माव्याच्या गर्दीत पडून असते. हिरवट किंवा तपकिरी, अर्धपारदर्शक, पुढे निमुळती, मागे बोथट, बिनपायांची. क्रायसोपाची अळी दोन विळ्यांसारख्या जबड्यांवरून ओळखता येते. तिच्यातल्या काही जाती खाल्लेल्या किड्यांची टरफलं पाठीवर लादून फिरतात, त्यामुळे कचऱ्याचा कणच चालत असल्यासारखं वाटतं.

आणि एक दृश्य, जे बघून लोक घाबरून सगळी डहाळी जाळतात: अळीच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे. ती अळीची अंडी नव्हेत. अळ्या अंडी घालतच नाहीत, ते काम पूर्ण वाढलेल्या कीटकाचं. हे दाणे म्हणजे परजीवी गांधीलमाशीचे कोष असतात. तिची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर आलेली असतात. ती अळी आता वाचणार नाही, आणि त्या कोषांतून निघणाऱ्या माश्या तुमच्या झाडावरच्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतील. जाळण्यात नुकसान आपलंच.

६. आजूबाजूचे पुरावे

पान कडेने कुरतडलंय, की फक्त हिरवा गर खरवडून जाळी ठेवलीय, की पानाच्या आत नागमोडी पांढरी रेघ आहे (ती नागअळी), की पान गुंडाळून रेशमाने शिवलंय, हे लिहून ठेवा. खाली पडलेली विष्ठा बघा. ताज्या गोळ्या असतील तर अळी बरोबर वरच कुठेतरी आहे, आणि गोळ्या जेवढ्या मोठ्या तेवढी अळी मोठी. बोराच्या पानांवर चपटी हिरवी अळी आणि तिच्याभोवती मुंग्या असतील तर मुंग्या तिला खात नाहीयेत, राखताहेत. ब्लू कुळातल्या पुष्कळ फुलपाखरांच्या अळ्या गोड स्राव देऊन मुंग्या पदरी बाळगतात. बाभळीवर काड्या आणि काटे चिकटवून केलेली पिशवी लटकत असेल तर तिच्या आत पतंगाची अळी असते. ती घरासकट हिंडते.

७. विचारायचं कुठे आणि कसं

घरातल्या झाडावरची अळी असेल तर आयनॅचरलिस्ट या अॅपवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाका. बटरफ्लाइज ऑफ इंडिया आणि मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर जातीनिहाय पानं आहेत, त्यांत पुष्कळदा अळीचे फोटो आणि खाद्यझाडांची नोंदही मिळते. तिथे झाडाचं शास्त्रीय नाव घेऊन शोधणं सगळ्यात फलदायी, म्हणून पहिली पायरी पक्की हवी.

अॅपने सुचवलेलं पहिलं नाव तसंच स्वीकारू नका. अॅपला अळ्यांपेक्षा पंखवाल्या कीटकांचे फोटो जास्त माहीत असतात, आणि कधीकधी ते अमेरिकेतली जात सुचवून मोकळं होतं. दोन गोष्टी तपासा: ही जात भारतात सापडते का, आणि ती तुमच्या झाडावर वाढते का. दोन्हीपैकी एकाचं उत्तर नाही आलं तर जातीचा हट्ट सोडा आणि ‘अमुक कुळातली अळी’ एवढीच नोंद करा. नोंद टाकताना घराचं नेमकं ठिकाण लपवायची सोय असते, ती वापरा.

शेतातलं किंवा बागेतलं प्रकरण असेल तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, नाहीतर राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग गाठा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे. कुठेही विचारलंत तरी सोबत ही माहिती द्या:

- झाडाचं नाव, ते माहीत नसेल तर पान-फूल-फळाचे फोटो
- गाव आणि तालुका
- तारीख
- अळीची मोजलेली लांबी
- एकटी होती की घोळक्यात, पानाच्या वर, खाली की डहाळीच्या आत
- गेल्या महिन्यात काही फवारलं असेल तर काय

८. तरीही नाव मिळालं नाही, तर पाळून बघा

सगळ्यात खात्रीची पद्धत ही आहे आणि ती जुनी आहे. वनखात्यात असलेल्या टी. आर. बेल यांनी शतकापूर्वी कारवारला राहून असंख्य अळ्या पाळल्या, कोणती अळी कुठल्या झाडावर वाढते आणि तिचं पुढे काय होतं हे लिहून ठेवलं, आणि ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून छापून आलं. आज आपण सहज सांगतो त्यातल्या कित्येक जोड्या अशाच कोणीतरी डबा आणि पाला घेऊन बसल्यामुळे कळल्या आहेत.

केसाळ आणि काटेरी अळ्या पाळायच्या भानगडीत नवख्यांनी पडू नये. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही. घराजवळची, बिनकेसांची एखादी अळी घ्या.

डब्यात तिच्याच झाडाची ताजी डहाळी ठेवा. डहाळीचं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत घाला, पण बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते. वरून मलमल बांधा. हवाबंद झाकण नको, आत दव साचून बुरशी धरते. विष्ठा रोज काढा, पाला रोज बदला. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाचा पाला अजिबात देऊ नका, त्यावर औषध मारलेलं असू शकतं. पाला बदलताना अळीला ओढू नका. ती जुन्या पानासकट नव्या डहाळीवर ठेवा, आपली आपण चढते. कात टाकण्याआधी ती सुस्त होते आणि खाणं सोडते. तेव्हा ती आजारी आहे समजून हलवाहलव करू नका.

ती बेचैन होऊन डब्यात फिरू लागली की कोषाची वेळ आली. फुलपाखरांना उभी काडी हवी असते. हॉकमॉथसारख्या पतंगांना जमीन लागते, म्हणून डब्याच्या तळाशी ओलसर माती आणि वाळका पाला घाला. लिंबाच्या फुलपाखराचा कोष पावसाळ्यात दीड-दोन आठवड्यांत उघडतो. काही पतंगांचे कोष मात्र महिनोन्‌महिने तसेच राहतात, टसरचे कोष उन्हाळा काढून पावसाळ्यात उघडतात. त्यामुळे कोष वाळला नाही, वजन हलकं झालं नाही, तर तो फेकू नका. फुलपाखराऐवजी एखादी माशी किंवा गांधीलमाशी बाहेर आली तर तीही नोंद महत्त्वाची, तिचाही फोटो काढा आणि अळीच्या नोंदीला जोडा.

९. ओळख पटल्यावर काय करायचं

शिकारी किंवा परजीवी असेल तर काहीच नाही. वाढलेल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर फुलपाखराच्या चार अळ्या असतील तरीही काहीच नाही, झाड ती पानं परत काढतं. कुंडीतलं छोटं रोप असेल तर अळ्या हाताने उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर सोडा. शेवग्यावरच्या केसाळ अळ्या दिवसा बुंध्यावर एकत्र असतात तेव्हाच लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. खोडातल्या अळीसाठी भोक शोधून तार घालावी लागते, पानांवर फवारून तिला काही होत नाही.

फवारणीची वेळ आलीच, तर औषध गटानुसार निवडा आणि संध्याकाळी मारा, मधमाश्या परतल्यावर. फुलावर आलेल्या झाडावर नको. आणि ज्या डहाळीवर ढालकिड्याच्या अळ्या दिसल्या होत्या, तिला दोऱ्याने खूण बांधून ती फवारणीतून वगळा.